शिकेकाई, शॅम्पू आणि बाथटबची मोरी

आमच्या लहानपणी घरात न्हाण्याचा वार ठरलेला असे. रविवारी सकाळी बंबातलं कढत पाणी, खोबरेल चोपडलेलं डोकं आणि शिकेकाई. डोळ्यांत गेली की घर डोक्यावर घ्यायचं! मधल्या सहा दिवसांत केस धुवायचे असतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. तरी केस कसे दाट होते. (आमच्यापैकी एकाचं आजचं डोकं पाहून यावर विश्वास बसणार नाही, तो भाग वेगळा.)

न्यू जर्सीत आलो आणि सगळे रोज शॅम्पू लावतात म्हणून आम्हीही लावू लागलो. मग आजी आल्या. बॅगेत शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी असं कुटून आणलेलं दोन किलो मिश्रण. नातीची रोज तेल लावून घट्ट वेणी सुरू झाली. पंधरवड्यात टबची मोरी तुंबली, प्लंबर आला. ते हसण्यावारी नेलं. पण एका संध्याकाळी तिसरीतली लेक बाथरूमचं दार लावून तीन-तीनदा शॅम्पूनं डोकं धूत बसली. बसमध्ये तिच्या शेजारची मुलगी वास येतो म्हणून उठून गेली होती. आजी दोन दिवस गप्पच होत्या.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. पहिली गंमत म्हणजे शॅम्पू हा शब्द आपलाच, चंपीवरून आलेला. पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटनला वाफारा आणि मालिश यांचं स्नानगृह काढलं. पुढे राजा चौथा जॉर्ज त्यांच्याकडून ‘शॅम्पू’ करून घेई, म्हणजे अंग रगडून! केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला.

आता मुद्दा. डोक्याची त्वचा स्वतःच तेल सोडते. त्यात घाम-धूळ बसते, ती काढायला काहीतरी हवंच. रिठ्याला आणि शिकेकाईला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि तेही मळ काढतं. साध्या साबणाचं मात्र जड पाण्यात जमत नाही. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. फिनिक्स, इंडियानापोलिसकडच्या मंडळींना हे सांगायला नको. शॅम्पूतली द्रव्यं असा साका धरत नाहीत, म्हणून १९३० च्या दशकापासून त्यांनी बाजी मारली.

पण रोज? इथले त्वचारोगतज्ज्ञही सगळ्यांना एकच नियम लावत नाहीत. केस सरळ आणि तेलकट असतील तर रोज धुवावे लागतील. कोरडे, कुरळे असतील तर आठवड्यातून एखाद-दोनदा पुरे. आजींचं एक मात्र चुकलं. कोंडा झाला की त्या आणखी तेल चोळायच्या. कोंड्याला हातभार लावणारी बुरशी डोक्यावरच्या तेलावरच जगते! आणि शॅम्पू सोडून खायच्या सोड्यानं केस धुण्याचं जे खूळ आहे, त्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. सोडा अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी, मग ती कोरडी पडणारच.

तोड शेवटी आजींनीच काढली. “शुक्रवारी रात्री तेल, शनिवारी न्हाणं. शाळेत पोरीला तेल घालून कशाला पाठवायची?” लेकीनं ते मुकाट्यानं मान्य केलं. शनिवारी शिकेकाई, बुधवारी शॅम्पू, असं आमच्याकडे बरीच वर्षं चाललं.

आणि हो, शिकेकाई वापरणार असाल तर उकळून, फडक्यातून दोनदा गाळून घ्या. प्लंबरचं बिल आम्ही भरलंय, तुम्ही कशाला भरता?