थंडी पडली, पण जंत मेले का?

पावसाळ्यात कोथिंबिरीची किंवा पालकाची जुडी निवडताना पानाच्या मागे चिकटलेली इवलीशी गोगलगाय आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आपण ती झटकून टाकतो आणि जुडी फ्रीजमध्ये ठेवतो. मनात एक समजूत असते, की जे काही किडूकमिडूक राहिले असेल ते गारठ्याने मरेल. ही समजूत कितपत खरी आहे, ते आज पाहू.

प्रश्न गोगलगायीचा नाही, तिच्या पोटातल्या पाहुण्यांचा आहे. शंख असलेल्या आणि बिनशंखाच्या अशा दोन्ही गोगलगायी अनेक परजीवी जंतांना आसरा देतात. त्यांपैकी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा एक म्हणजे उंदराच्या फुप्फुसातला जंत. चीनमधल्या कँटनच्या उंदरांत तो सापडला आणि १९३५ मध्ये चेन या शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले. हा जंत उंदराच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहतो. त्याच्या अळ्या उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात, त्या लेंड्या गोगलगाय खाते, आणि तिच्या शरीरात दोन वेळा कात टाकून अळी संसर्गक्षम होते. अशी गोगलगाय उंदराने खाल्ली की चक्र पुरे होते.

माणूस या चक्रात चुकून शिरतो. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय, किंवा न धुतलेल्या पानांतून तिचा एखादा लहानसा तुकडा पोटात गेला, की अळी वाट काढत मेंदूपर्यंत पोहोचते. तिथे ती मरते, पण मरताना मेंदूच्या आवरणाला सूज आणते. तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या, अंगाला मुंग्या येणे ही त्याची लक्षणे. बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींना कायमचे अपंगत्व येते आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. एका माणसापासून दुसऱ्याला मात्र हा आजार होत नाही.

आता थंडीकडे येऊ. गोगलगायीला स्वतःची ऊब नसते. बाहेर जितके तापमान, साधारण तितकेच तिच्या अंगात. त्यामुळे तिच्या पोटातल्या अळीचे घड्याळही हवेच्या तापमानावर चालते. पंचविशीच्या आसपास अळी दोन-तीन आठवड्यांत तयार होते. पारा उतरला की हा काळ लांबत जातो आणि पंधरा अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. म्हणूनच हा जंत मुख्यतः दक्षिण चीन, आग्नेय आशिया, हवाई बेटे अशा उष्ण, दमट प्रदेशांत आढळतो.

पण इथेच एक गफलत होते. वाढ थांबणे म्हणजे मरणे नव्हे. याचे उत्तम उदाहरण इंग्लंडातल्या मेंढ्यांचे आहे. मेंढ्यांच्या यकृतातला चपटा कृमीही पाणथळीतल्या एका छोट्या गोगलगायीतून येतो. १८७९-८० च्या साथीत तिथे सुमारे तीस लाख मेंढ्या दगावल्या, आणि त्यातूनच या कृमीचे जीवनचक्र शोधण्याच्या कामाला जोर आला. पुढे लक्षात आले, की पारा दहा अंशांखाली गेला की गोगलगायीतल्या कृमीची वाढ थांबते. मात्र शरदात संसर्ग झालेली गोगलगाय चिखलात हिवाळा काढते, तिच्याबरोबर कृमीही काढतो, आणि वसंतात ऊब मिळताच काम पुढे चालू होते. थंडीने घड्याळ थांबवले, मोडले नाही.

शिवाय गोगलगाय थंडीला सहजासहजी सापडत नाही. ती जमिनीत, दगडाखाली, पालापाचोळ्यात शिरते. शंखी गोगलगाय तर शंखाच्या तोंडावर पडदा ओढून महिनोन्‌महिने पडून राहते. वर दव गोठले तरी वीतभर खाली माती त्या मानाने उबदार असते. आपल्याकडे निफाडला एखाद्या पहाटे पारा कितीही घसरला, तरी तेवढ्याने शेतातल्या गोगलगायींतले जंत संपले असे समजू नये.

मग थंडी मारते केव्हा? खरोखर गोठवले तर. अळीच्या पेशींतल्या पाण्याचे बर्फ झाले की त्याचे स्फटिक पेशी फाडतात. त्यासाठी उणे पंधरा अंश किंवा त्याहून कमी तापमान आणि किमान चोवीस तासांचा अवधी लागतो, असे आरोग्य खाती सांगतात. अवधी महत्त्वाचा, कारण गोळा बाहेरून कडक झाला तरी आतला गाभा उशिरा गोठतो. घरच्या फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात चार-पाच अंशांहून थंड नसते. तिथे अळी सुस्तावते, मरेलच असे नाही. आणि पालेभाजी गोठवली तर तिचा लगदा होतो. म्हणजे भाजीपुरता थंडीचा उपाय आपल्या कामाचा नाही.

राहणाऱ्या गावची थंडीही हमी देत नाही. बीजिंगचा हिवाळा कडाक्याचा. तरीही २००६ मध्ये तिथे हॉटेलात नीट न शिजलेल्या गोगलगायी खाल्ल्याने सुमारे १६० जण आजारी पडले. ती गोगलगाय मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि चीनमध्ये पसरली ती दक्षिणेच्या उबदार भागात.

आपला या सगळ्याशी संबंध काय? मुंबईच्या उंदरांत हा जंत आढळल्याची नोंद १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचीच आहे. केरळात घोरपडीचे कच्चे मांस खाल्ल्यावर असा मेंदूज्वर झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. घोरपड गोगलगायी खाते, म्हणून. आणि मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय, जी १८४७ मध्ये कोलकात्यात आणली गेली, तिने २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव भागात सोयाबीनची रोपे फस्त केली. शेतकरी बायाबापड्या त्या हातांनी वेचत होत्या. प्रत्येक गोगलगायीत जंत असतो असे नाही. पण कोणत्या गोगलगायीत आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

तेव्हा भिऊ नका, सवयी तेवढ्या बदला. गोगलगायी वेचताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरा, नंतर साबणाने हात धुवा. पालेभाजीचे पान न्‌ पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवा. मिठाच्या पाण्यावर किंवा व्हिनेगरवर विसंबू नका. शंका असेल ती भाजी कच्ची न खाता शिजवा. घराभोवती उंदीर होऊ देऊ नका. आणि पैज लावून गोगलगाय तोंडात घालणाऱ्या पोरांना वेळीच आवरा. परदेशात अशा थट्टेने जीव गेलेला आहे.

फ्रीज भाजी ताजी ठेवतो. भाजी निर्धोक करण्याचे काम मात्र नळाचे पाणी आणि चुलीवरची आच यांचेच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)