जास्वंद : फुलाचा नव्हे, कळीचा व्यापार

कोलकात्यात हावडा पुलालगत असलेल्या मल्लिक घाट फूलबाजारात लाल जास्वंदीला मानाचे स्थान आहे. बंगालीत तिला ‘जबा’ म्हणतात. संस्कृतातील ‘जपा’ तो हाच शब्द. कालीपूजेत हे फूल आवश्यक मानले जाते आणि देवीला एकशे आठ फुलांची माळ वाहण्याची प्रथा आहे. कालीघाट, दक्षिणेश्वर यांसारख्या मंदिरांमुळे मागणी वर्षभर टिकते आणि दिवाळीतील अमावास्येला ती कळसास पोहोचते. हावडा व पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यांतील शेतकरी ही मागणी भागवतात. महाराष्ट्रात हेच फूल गणपतीला प्रिय. तरीही येथे जास्वंद बव्हंशी परसात आणि कुंपणावरच राहिली. याचे एक कारण फुलाच्या अल्पायुष्यात आहे.

साध्या, पाच पाकळ्यांच्या जास्वंदीचे फूल सकाळी उमलते आणि सायंकाळपर्यंत मिटून गळते. उमललेले फूल खुडून दूरच्या बाजारात धाडल्यास पाकळ्या चुरगळतात व दुपारनंतर माल मातीमोल होतो. बंगालमधील उत्पादक म्हणूनच प्रामुख्याने कळी विकतात. पाकळ्यांची घट्ट गुंडाळी निदलपुंजाबाहेर येऊन पुरेशी लांब व गडद रंगाची झाली, की ती कळी दुसऱ्या दिवशी उमलणारी समजावी. अशी कळी आदल्या दिवशी किंवा पहाटेपूर्वी खुडली तरी पाण्यात न ठेवता उमलते. थंडाव्यात ठेवल्यास उमलणे काहीसे लांबते. अपक्व कळी मात्र तशीच सुकते. हा फरक ओळखणारी नजर मजुरांमध्ये तयार करणे हे या पिकातील खरे कौशल्य होय. तोडणी रोजची असते, तिला खाडा चालत नाही. घरची माणसे कमी असतील तर क्षेत्र बेतानेच ठेवावे.

जास्वंदीस बी क्वचितच धरते, त्यामुळे अभिवृद्धी छाट कलमांनीच होते. पावसाळ्याच्या आरंभी अर्धपक्व फांदीचे 15 ते 20 सेंटिमीटर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे लावावेत. 1.5 × 1.5 मीटर अंतरावर एकरी सुमारे 1,800 झाडे बसतात. कळ्या नव्या वाढीवर येत असल्याने थंडी ओसरताच हलकी छाटणी करावी. हिवाळ्यात उत्पादन घटते व दर चढतात. पूर्ण ऊन मिळणारी जागा म्हणूनच निवडावी.

कोलकात्याभोवतीच्या गाळाच्या सखल जमिनीत मुख्य चिंता साचणाऱ्या पाण्याची, तर आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ती लोहाच्या कमतरतेची. शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडली, की ही कमतरता ओळखावी. अशा वेळी फेरस सल्फेटची 0.5 टक्के फवारणी उपयुक्त ठरते. त्याहून चांगले म्हणजे लागवडीपूर्वीच माती तपासून निचऱ्याची जमीन निवडणे. पाण्याचा ताण पडून मग एकदम भरपूर पाणी मिळाल्यास कळीगळ होते. ठिबक संच येथे विशेष उपयोगी.

सर्वांत त्रासदायक कीड पिठ्या ढेकूण. शेंडे आखडतात, कळ्या वाकड्या होतात आणि मुंग्या या किडीचे रक्षण करतात. मुंग्यांचा बंदोबस्त न करता केलेली फवारणी वाया जाते. प्रादुर्भावग्रस्त शेंडे कापून नष्ट करावेत. क्रिप्टोलीमस हा मित्रभुंगेरा सोडावा. हवा दमट असताना लेकॅनिसिलियम या बुरशीची फवारणीही करता येते. फुले देवाला वाहिली जातात, काही घरांत केसांच्या तेलातही पडतात. यासाठी रासायनिक कीटकनाशक तोडणीच्या काळात टाळलेलेच बरे.

केशतेल आणि नैसर्गिक रंग यांखेरीज ‘हिबिस्कस चहा’साठीही जास्वंदीला मागणी असल्याचे अनेकदा सांगितले जाते. बाजारातील तो चहा सामान्यतः रोझेल, म्हणजे लाल अंबाडीच्या मांसल निदलपुंजापासून बनतो. ती याच प्रजातिसमूहातील, पण निराळी वनस्पती आहे. चहा कंपनीच्या खरेदीवर भिस्त ठेवून जास्वंद लावण्यापूर्वी करारात कोणत्या वनस्पतीचे नाव आहे ते वाचून घ्यावे.