भातावरील करपा

तंजावर म्हटले की मराठी मनाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख आठवतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र त्या नगराभोवतीची भातखाचरेही आठवावीत. भातावरील करप्याची भारतातील पहिली नोंद १९१३ सालची. आणि त्याची पहिली मोठी साथ १९१९ साली कावेरीच्या याच त्रिभुज प्रदेशात आली.

‘करपा’ हे नाव फसवे आहे. पान उन्हाने करपलेले दिसते. पण ती करणी उन्हाची नसून एका बुरशीची असते. हिरवी वनस्पती हरितद्रव्याच्या साहाय्याने आपले अन्न आपण तयार करते. बुरशीपाशी हरितद्रव्य नाही. तिला आयत्या अन्नाचा आश्रय हवा. करप्याच्या बुरशीचा बीजाणू वाऱ्याबरोबर येऊन दवाने भिजलेल्या पानावर चिकटतो, काही तासांत रुजतो आणि त्याच्या टोकाशी एक काळसर फुगीर पेशी तयार होते. तिच्यातील दाब सुमारे ऐंशी वातावरणांपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या तीसचाळीसपट! त्या बळावर ती पानाच्या त्वचेला भोक पाडते. पुढे पानावर चातीच्या आकाराचे, मध्ये राखी व कडेला तपकिरी ठिपके उमटतात.

परंतु बीजाणू पडला म्हणजे रोग जडलाच असे नाही. यजमान वनस्पती दुर्बळ हवी आणि हवामानही अनुकूल हवे. भाताच्या पानात सिलिकेचा थर असतो. ते त्याचे चिलखतच. अधिक पिकाच्या आशेने नत्रखत भरमसाट दिले की पीक हिरवेगार, लुसलुशीत दिसते आणि चिलखत पातळ होते. शेतकऱ्याला सुखावणारा तो गर्द हिरवा रंग शास्त्रज्ञाला काळजीत टाकतो. तंजावरकडील सांबा हंगामाच्या उत्तरार्धात रात्री थंड होतात, दव पडते; मग बुरशीचे फावते.

पानांवरचा करपा पीक एकवेळ सोसते. खरा घात होतो तो निसवण्याच्या वेळी. लोंबीच्या मानेवर रोग बसला की दाण्यांकडे जाणारा रस तुटतो, लोंबी पांढरी पडते, दाणे पोचट राहतात. यालाच मानमोडी म्हणतात. वर्षाचे अन्न हाताशी आलेले असताना जाते, आणि त्यानंतरची फवारणी व्यर्थ.

म्हणून भर रोगप्रतिकारक वाणांवर. तंजावर भागात अडुदुरै येथे १९२२ साली भात संशोधन केंद्र निघाले. मात्र बुरशीही नवनवे प्रकार धारण करते. काल टिकलेले वाण उद्या टिकेलच असे नाही. नत्र एकदम न देता हप्त्यांनी देणे आणि निरोगी पिकाचेच बियाणे राखणे, हे तर शेतकऱ्याच्या हातचे आहे.

आपल्या कोकणातही करपा आढळतो. ठिपके असलेले एक पान ओल्या टीपकागदावर झाकून रात्रभर ठेवा. सकाळी ठिपक्यावर राखी लव दिसेल. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पेअर फळाच्या आकाराचे, आत दोन पडदे असलेले ते बीजाणू तुम्हांला सहज ओळखता येतील.