पेशीचा ब्रेक

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी दहावीनंतर बायॉलॉजीला रामराम ठोकला तो बेडकाच्या भीतीने नव्हे, तर आकृत्यांच्या कंटाळ्याने! त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्स घेतलं, सीईटी दिली आणि इथे येऊन पडलो. त्यामुळे 'पेशी' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते शाळेच्या पुस्तकातलं अंड्यासारखं चित्र आणि 'तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे' हे घोकलेलं वाक्य. परीक्षा संपली, पेशीही संपली.

पण नीट पाहिलं तर पेशी हा आपल्याच सिलॅबसमध्ये शोभावा असा विषय आहे. तिथे फीडबॅक आहे, इन्स्पेक्शन आहे, दुरुस्ती खातं आहे आणि वेळ आली तर सगळा प्लांट बंद करण्याचं बटणसुद्धा आहे. पेशी वाढते कशी, एकीच्या दोन होतात कशा, हे तर पाहूच. पण खरी गंमत आहे ती पेशी थांबते कशी यात. आणि हा प्रश्न आपल्या होस्टेलच्या गेटबाहेरच्या टपरीपर्यंत येऊन पोचतो. कसा, ते शेवटी सांगतो.

आधी थोडं गणित

कॅल्क्युलेटर काढा आणि २ चा ४५ वा घात करा. उत्तर येईल सुमारे ३५ लाख कोटी. माणसाच्या शरीरातल्या पेशींचा अंदाज साधारण एवढाच, म्हणजे ३० ते ३७ लाख कोटींच्या दरम्यान सांगितला जातो. आपण सगळे आईच्या पोटात एका पेशीपासून सुरू झालो. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. सगळ्या पेशी सारख्या दुप्पट होत गेल्या असं धरलं, तर फक्त ४५ पायऱ्यांत अख्खा माणूस तयार! प्रत्यक्षात काही पेशी लवकर थांबतात, काही मरतात, पण आकड्याची कल्पना येते.

आता पुढचा प्रश्न. सगळ्यांनी मिळून ४६ वी पायरी चढली तर? वजन दुप्पट. आणखी दहा पायऱ्या चढल्या तर साठ किलोचा गडी साठ टनांच्या वर जाईल. म्हणजे दुप्पट होत जाणं यात काही विशेष नाही, ते दह्यातले जंतूही करतात. विशेष आहे ते योग्य पायरीवर थांबण्यात.

पेशी म्हणजे खोली

१६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला ओळीने लागलेल्या बारीक बारीक खोल्या दिसल्या, म्हणून त्याने त्यांना 'सेल', म्हणजे छोटी खोली, असं नाव दिलं. आपल्या होस्टेलची कॉरिडॉरच म्हणा ना! पण त्या खोल्या रिकाम्या होत्या, राहणारे केव्हाच गेले होते. बूच म्हणजे झाडाच्या मेलेल्या पेशींच्या भिंती. पुढे १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल सांगितलं, की सगळं शरीर पेशींचंच बनलेलं असतं. १८५५ मध्ये फिर्खोने त्यात महत्त्वाची भर घातली : प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते. थोडक्यात, आज तुमच्या बोटाच्या टोकावर असलेल्या पेशीची वंशावळ अब्जावधी वर्षांत एकदाही तुटलेली नाही.

एकीच्या दोन होताना

विभाजनाचं काम चार टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात पेशी खाते-पिते, आकाराने वाढते. दुसऱ्यात डीएनएची पूर्ण नक्कल काढते. तिसऱ्यात ही नक्कल तपासते. आणि चौथ्यात प्रत्यक्ष विभागते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीला या सगळ्याला साधारण २४ तास लागतात. त्यातले प्रत्यक्ष विभागण्याचे किती? जेमतेम एक तास! उरलेले २३ तास तयारीचे. आपलं सबमिशनचं गणित बरोबर याच्या उलट असतं, हे वेगळं सांगायला नको.

नक्कल काढण्याचं काम काय दर्जाचं असतं ते बघा. एका पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए घडी घालून ठेवलेला असतो आणि त्यात सहाशे कोटींहून जास्त अक्षरजोड्या असतात. नक्कल, मग तपासणी, मग दुरुस्ती एवढं झाल्यावर चूक उरते ती शंभर कोटी अक्षरांत एखादी. जर्नल कॉपी करताना आपण एका पानावर याहून जास्त चुका करतो. तरीही लक्षात घ्या, चूक शून्य नाही. म्हणजे पेशी जितक्या जास्त वेळा विभागेल, तितकी चुकीला जास्त संधी. हे वाक्य मनात ठेवा, पुढे कामाला येईल.

झाड आणि प्राणी यांच्यातला मुख्य फरक दिसतो तो शेवटच्या पायरीवर. प्राण्यांची पेशी मऊ. तिच्या कमरेभोवती प्रथिनांचा एक पट्टा आवळत जातो (ही स्नायूंत असतात त्याच जातीची प्रथिनं) आणि पेशी मधोमध चिमटून दोन होतात. झाडाच्या पेशीला बाहेरून कडक भिंत असते, ती कशी आवळणार? म्हणून तिथे मध्यभागी नवी भिंत बांधायला सुरुवात होते आणि ती कडेपर्यंत पसरत जाते. एकीकडे काम बाहेरून आत, दुसरीकडे आतून बाहेर. खोलीत पार्टिशन टाकावं तसं!

झाडाची वाढही निराळी. रात्री भिजवलेल्या मटकीला सकाळपर्यंत लांब मोड येतात. एका रात्रीत एवढ्या पेशी आल्या कुठून? मोडाची ती लांबी मुख्यतः नव्या पेशींची नसतेच. असलेल्या पेशी आपल्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या पिशवीत, पाणी भरून घेतात आणि लांब होतात. नव्या पेशी तयार होण्याची झाडातली ठिकाणं ठरलेली आहेत : मुळांची टोकं, शेंड्याची टोकं आणि सालीच्या आतला एक पातळ थर. म्हणूनच कुणी हौशी वीराने कॉलेजच्या झाडावर बदामात कोरलेलं नाव दहा वर्षांनी रुंद झालेलं दिसेल, पण जमिनीपासून त्याची उंची तेवढीच राहील.

आपल्याकडेही सगळ्या पेशी सारख्या वेगाने विभागत नाहीत. आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मात्र एकदा तयार झाल्या की पुन्हा विभागत नाहीत. आणि यकृत? ते एरवी शांत असतं, पण तुकडा कापून दुसऱ्याला दिला तर उरलेल्या पेशी जाग्या होतात, काही महिन्यांत यकृत जवळजवळ पहिल्या आकाराचं होतं आणि मग पेशी पुन्हा थांबतात. पुन्हा तोच शब्द : थांबतात.

बस कधी सोडायची?

हे थांबणं आणि सुटणं कोण ठरवतं, याचा शोध लावल्याबद्दल २००१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल लीलँड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट या तिघांना मिळालं. हार्टवेल आणि नर्स यांनी काम केलं ते यीस्टवर. हार्टवेलचं यीस्ट तर पाव फुगवणारंच! किरणांचा मारा करून यीस्टचा डीएनए बिघडवला तर पेशी विभाजन थांबवतात आणि दुरुस्ती झाल्यावरच पुढे जातात, असं दिसून आलं. म्हणजे वाटेत तपासणी नाके आहेत. हंट यांना १९८२ मध्ये समुद्रातल्या अर्चिनच्या अंड्यांत एक प्रथिन सापडलं. ते साठत जायचं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसं व्हायचं, जणू घड्याळाचा टोलच. आणि नर्स यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं, की यीस्टच्या बिघडलेल्या जीनच्या जागी माणसाचा जीन ठेवला तरी यीस्टचं काम बिनतक्रार चालतं. शंभर कोटी वर्षांहून जास्त काळ वेगळ्या झालेल्या दोन घराण्यांत ब्रेक-ॲक्सिलरेटरचा तोच स्पेअर पार्ट चालतो!

यातला एक नाका मला फार आवडतो. विभागताना माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रांच्या जोडप्रती दोन बाजूंच्या दोरांना जोडल्या जातात. त्यातली एक जरी नीट जोडली गेली नसेल, तरी सगळं काम थांबतं. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या बसमध्ये सर मुलं मोजतात तसं. एक जण चहा पीत राहिला, की बस जागेवरच.

तपासणीत दोष सापडला आणि दुरुस्त होत नसेल तर काय? इथे पी-५३ नावाचं प्रथिन पुढे येतं. ते पेशीला थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि बिघाड हाताबाहेर गेला असेल तर पेशीला स्वतःला संपवून टाकायला सांगतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण शरीर यावरच टिकून आहे. आईच्या पोटात आपली बोटं सुटी झाली ती मधल्या पेशींनी असा निरोप घेतल्यामुळेच. माणसात या पी-५३ च्या जीनच्या दोन प्रती असतात. हत्तीत अशा सुमारे चाळीस प्रती आहेत, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी असूनही त्याला कॅन्सर कमी होतो, त्यामागे हे एक कारण असावं असं मानलं जातं. मोठ्या गाडीला जास्त ब्रेक!

ब्रेक निकामी झाल्यावर

कॅन्सर म्हणजे बाहेरून आलेला शत्रू नव्हे. ती आपलीच पेशी, जिचा ॲक्सिलरेटर अडकला आणि ब्रेकही गेले. माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिकने १९६१ मध्ये दाखवलं. पण १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सरग्रस्त बाईच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. ती बिचारी त्याच वर्षी वारली. पेशी थांबायचं विसरल्या.

आता सुरुवातीचं गणित पुन्हा आठवा. एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने शंभर कोटी पेशी असतात, म्हणजे एका पेशीपासून ३० पायऱ्या. तिथून एक किलोपर्यंत जायला उरतात फक्त दहा! म्हणजे गाठ हाताला लागते तेव्हा प्रवासाचा तीन चतुर्थांश भाग उरकलेला असतो. 'वाढली तर बघू' हे धोरण इथे का चालत नाही, ते यावरून समजावं.

झाडांनाही गाठी येतात. पण झाडाची प्रत्येक पेशी भिंतीने शेजारणीला चिकटलेली, उठून दुसरीकडे जाऊच शकत नाही. त्यामुळे गाठ असते तिथेच राहते. आपल्या पेशी रक्तातून प्रवास करू शकतात, तिथे घात होतो. आणि गंमत म्हणजे आपल्या मदतीला धावून येतं तेही एक झाडच. अंगणातली सदाफुली! तिच्यापासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध गुणसूत्रांना ओढणारे दोर बनूच देत नाही. बस सुटत नाही आणि विभागायला निघालेली पेशी अडकून मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते वापरतात. (म्हणून कुणी सदाफुलीचा पाला चावू नका. ते विष आहे, मोजून-मापून डॉक्टरांनीच द्यायचं.) अशी बरीच औषधं विभागणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालतात, म्हणून केमोथेरपीत केस गळतात आणि तोंड येतं. केसांच्या मुळाशी आणि तोंडाच्या अस्तरातही विभाजन भराभर चालू असतं ना!

आता टपरीकडे

तोंडाचं हे अस्तरच आपला विषय. कुणी खर्रा म्हणतं, कुणी मावा, कुणी नुसतीच चुना-तंबाखू. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण दोन वेगळ्या पुड्या घेऊन एकत्र करण्याची युक्ती पहिल्याच वर्षाच्या पोराला कळते. गालात गोळी दाबली की काय होतं? चुना आणि सुपारी अस्तर सोलतात. जखम भरायला खालच्या पेशी विभागू लागतात, रोज, दिवसातून पाच-सहा वेळा. आणि नक्कल काढणं चालू असतानाच तंबाखूतली नायट्रोसामिनं डीएनएला चिकटून बसतात. मघाचं वाक्य आठवा : जितकी विभाजनं, तितकी चुकीला संधी. त्यात ज्या पानावर चूक होते, ते पान पी-५३ चं असलं तर? ब्रेकच गेला!

'माझ्यात तंबाखू नाही, साधी सुपारी आहे' म्हणणाऱ्यांसाठी : सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं.

एक प्रॅक्टिकल आत्ताच करा, जर्नल लागत नाही. हाताची मधली तीन बोटं जुळवून उभी तोंडात घालून बघा. साधारणपणे ती बसायला हवीत. बसत नसतील, तिखट लागताच आग होत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. सेमिस्टर संपायची वाट बघू नका. सोडायला मदत हवी असेल तर तंबाखूच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापलेला असतो. रूममेटची पुडी एवीतेवी हातात येतेच, तेव्हा तोही वाचून ठेवा.

पेशीने कोट्यवधी वर्षं घालून ब्रेक बनवले. तपासणी नाके, दुरुस्ती खातं, सगळं काही. आपण मशीन डिझाइन करणारी माणसं. चालू मशीनचा ब्रेक रोज दहा रुपये देऊन घासत बसणं आपल्याला शोभत नाही, एवढंच.