साकोलीच्या बांधीत, रडारच्या वेळेला

पहाटे ५.३०
साकोलीच्या पुढे आलो, आभाळ गच्च. श्रावणात इथल्या साध्या उपग्रहचित्रांत बहुतेक ढगच येतात, म्हणून धानाचा नकाशा आणि उत्पादनाचा अंदाज रडारवर. सहाच्या सुमारास सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह जवळजवळ ७०० किलोमीटर उंचीवरून जाईल. त्याच वेळेला बांधीत असायचं.

६.००
पाण्यात पट्टी उभी केली, पाणी सात सेंटिमीटर. रोपांची उंची घेतली, चुडातले फुटवे मोजले, वाराही लिहून ठेवला. पाण्यावर लहरी उठल्या की तीच बांधी रडारला उजळ दिसते आणि ती धानाची वाढ समजली जाते. वारा पडलेला असला तर चिखलणी करून भरलेली बांधी आरशासारखी वागते. रडारची लहर तिरकी येते नि पुढे निघून जाते, उपग्रहाकडे फारसं काही परतत नाही. म्हणून रोवणीच्या दिवसांत बांधी काळी. पुढे फुटवे वाढतात, लहर पाणी आणि देठ यांच्यावर आपटून माघारी जाते, बांधी उजळत जाते. धान निसवेपर्यंत ही चढण आम्ही मोजतो.

९.००
शेजारची बांधी चित्रांत इतकी उशिरा काळी का झाली, तिथल्या शेतकरी काकांना विचारलं.
“परे तयार होते भाऊ, पाणी कुठं होतं? तलाव भरला तेव्हा रोवणी केली.”
माझ्या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद हीच. वाढीचा आलेख रोवणीच्या तारखेपासून मोजायचा असतो. सगळ्या गावाला एकच तारीख लावली की अंदाज कोसळतो.

दुपारी १.००
डबा, मग नोंदी संगणकात.

४.३०
आज चित्र लवकर आलं. कॅलिब्रेशन केलं, चित्रातली खरखर कमी केली, १२ दिवसांपूर्वीच्या फेरीशी ताडून पाहिलं. चित्रातली एक चौकट १० मीटरची. अर्ध्या एकरात जेमतेम २० बसतात. बांधाला लागलेल्या वगळल्या तर निम्म्याही उरत नाहीत. एवढ्यावर एकेका शेतकऱ्याचं उत्पादन सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. गावाचं सांगता येतं.

सेंटिनेल-१च्या लहरीची लांबी साधारण ५.६ सेंटिमीटर. पीक दाट झालं की ती वरच्या पानांतच अडकते आणि आलेख सपाट होतो. ३० जुलै २०२५ ला गेलेल्या निसार उपग्रहाची २४ सेंटिमीटरची लहर आणखी खोल उतरते, तिच्याकडून मला मोठी आशा आहे.

माजी मालगुजारी तलावही चित्रात काळेच, पण ते उजळत नाहीत, म्हणून सहज वेगळे निघाले. अडचण आवत्या धानाची. बी थेट शेतात फेकलेलं, रोवणी नाही, साचलेलं पाणी नाही, त्यामुळे ती काळी पायरीच आली नाही. नकाशाने ही शेतं धानातून वगळून टाकली.

६.३०
कृषी सहायकांना फोन करून आवत्याच्या शेतांची गाववार यादी मागितली. “उद्या दुपारपर्यंत देतो,” म्हणाले. ती येऊन शेतं नकाशावर चढेपर्यंत तालुक्याचं क्षेत्र वर पाठवणार नाही, असं कार्यालयाला कळवून टाकलं.