उष्णतेची खरी वर्दी

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण झालेली जी उष्णता चाकांच्या कामी न येता इंजिनाच्या धातूत मुरते, ती वाहून नेऊन रेडिएटरच्या हवाली करणे हे कूलंटचे कार्य. आणि त्या कूलंटच्या तापमानाची वर्दी क्षणोक्षणी गाडीच्या संगणकाला देणारा इवलासा सेन्सर बहुधा थर्मोस्टॅटच्या सान्निध्यात बसविलेला असतो.

तापमान वाढले असता धातूंचा विद्युत्‌रोध वाढतो, परंतु सिल्व्हर सल्फाइडचा मात्र घटतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये नोंदविले. मँगनीज, निकेल आदी धातूंच्या ऑक्साइडांपासून घडविलेला सेन्सरमधील थर्मिस्टर याच विपरीत गुणधर्मावर चालतो: अनेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच हजार ओहम असलेला त्याचा रोध ८० अंशांना सुमारे तीनशेपर्यंत उतरतो. संगणकाला तापमान प्रत्यक्ष कळत नाही. ५ व्होल्टच्या पुरवठ्यापैकी थर्मिस्टरवर किती व्होल्ट पडले, एवढ्यावरूनच तो अनुमान बांधतो. म्हणून तार तुटली की त्याला उणे ४० अंशांची थंडी भासते. असा ठळक बिघाड तो बहुधा ओळखतो. परंतु सेन्सर हळूहळू ढळून इंजिन तापलेले असताही ते थंड असल्याचे सांगू लागला, तर जास्तीचे इंधन सुटते, काळा धूर निघतो आणि पंखाही वेळेवर फिरत नाही.

म्हणूनच नवा सेन्सर आणण्यापूर्वी जुन्याची तपासणी व्हावी. स्कॅनरवर उमटणारा पी०११८ हा संकेत मंडलात व्होल्ट प्रमाणाबाहेर असल्याचे सांगतो. दोष सेन्सरचा, गंजलेल्या कनेक्टरचा की तारेचा, याचा निवाडा मल्टिमीटरनेच करावा लागतो. दोष सेन्सरचाच ठरला, तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. कारण दाबाखालील तप्त कूलंट झाकण उघडताच उसळून अंग भाजते. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी, थोडे कूलंट काढावे, नवा वॉशर घालून सेन्सर आधी हाताने आट्यांत फिरवावा आणि उत्पादकाने नेमून दिलेल्या बलानेच आवळावा. ॲल्युमिनियमचे आटे अतिरिक्त जोर सोसत नाहीत. शेवटी कूलंट भरून अडकलेली हवा निःशेष काढावी, कारण हवेच्या पोकळीत बसलेला निर्दोष सेन्सरही चुकीची वर्दी देतो.

यंत्राचा निर्णय त्याला मिळालेल्या मापाहून अधिक शहाणा असू शकत नाही. म्हणून सुटा भाग बदलण्याआधी मापाची खातरजमा करणारा मिस्त्री विज्ञानाचीच शिस्त पाळीत असतो.