लॅटिनो कुटुंबांतील एच.आय.व्ही. : मौन, भय आणि उपचार

मेक्सिको, क्यूबा, प्वेर्तो रिको किंवा मध्य व दक्षिण अमेरिका येथील वंशपरंपरा सांगणाऱ्या लोकांना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘लॅटिनो’ म्हणतात. आजी-आजोबा, काका-काकू, चुलत-मावस भावंडे अशा मोठ्या गोतावळ्यात वाढणारा आणि घराण्याच्या नावाला जपणारा हा समाज आपल्या वाचकांना फारसा परका वाटू नये. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १९ टक्के आहे. मात्र २०२२ साली तेथे एच.आय.व्ही.ची जी अंदाजे ३१,८०० माणसांना नव्याने लागण झाली, त्यांत सुमारे ३३ टक्के लॅटिनो होते.

औषधांची उणीव हे याचे कारण नव्हे. २०१२ पासून तेथे ‘प्रेप’ ही प्रतिबंधक गोळी उपलब्ध आहे. ती नियमाने घेतल्यास लैंगिक संबंधांतून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो. लागण झालेल्या व्यक्तीने औषधोपचार अखंड चालू ठेवून रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली ठेवले, तर लैंगिक संबंधांतून तिच्यापासून दुसऱ्यास लागण होत नाही. औषध दुकानात आहे, पण घराच्या उंबरठ्याशी अडते.

उंबरठ्यावर काय आडवे येते, हे पेद्रो झामोरा या तरुणाच्या चरित्रावरून कळते. १९८० साली, आठ वर्षांचा असताना, तो आईवडिलांसह क्यूबाहून नावेने फ्लोरिडास आला. थोरली काही भावंडे मागेच राहिली. तेरा वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली. पुढे शाळेतील रक्तदान शिबिरात त्याने रक्त दिले आणि त्यातून, सतराव्या वर्षी, आपणास एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे त्यास समजले. तो समलिंगी होता. पौरुषाच्या जुन्या कल्पना घट्ट धरून असलेल्या समाजात यांपैकी एक गोष्ट उच्चारणेही कठीण. त्याने दोन्ही उघड सांगितल्या आणि शाळाशाळांतून बोलू लागला. १९९३ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने मागितले ते इतकेच, की आमच्यासारख्या मुलांना समजेल अशा भाषेत आम्हांस माहिती द्या. १९९४ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘द रिअल वर्ल्ड’ या मालिकेतून तो घरोघर पोहोचला. मालिकेचा अखेरचा भाग प्रसारित झाल्यावर काही तासांतच, ११ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. आजची प्रभावी संयुक्त औषधयोजना त्यानंतर दोनच वर्षांत प्रचारात आली!

त्याची मागणी पुढे ‘प्रोमोतोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांनी पुष्कळ अंशी पुरी केली. या त्याच वस्तीत राहणाऱ्या, स्पॅनिश बोलणाऱ्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. त्या केशकर्तनालयात, किराणा दुकानात, चर्चच्या आवारात बसतात; आधी मुलाबाळांची, मधुमेहाची चौकशी करतात आणि मग हळूच रक्तचाचणीचा विषय काढतात. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्ताचा निकाल सुमारे वीस मिनिटांत मिळतो. चित्रकथा व कौटुंबिक मालिकांचाही उपयोग करण्यात आला, कारण घरात जे तोंडाने बोलवत नाही ते पडद्यावरील पात्राने बोलले तर आजीसुद्धा ऐकून घेते. विद्वानांच्या पत्रकांपेक्षा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

दुसरा अडसर भयाचा. ज्यांची कागदपत्रे अपुरी आहेत, त्यांना रुग्णालयात नाव नोंदविणे म्हणजे हद्दपारीस आमंत्रण वाटते. अनेकांपाशी आरोग्यविमाही नसतो. अशांसाठी १९९० च्या ‘रायन व्हाइट’ कायद्याचा मोठा आधार आहे. रक्तजन्य औषधातून लागण झालेल्या, त्याच वर्षी मृत्यू पावलेल्या इंडियानातील एका मुलाचे नाव त्यास दिलेले आहे. या योजनेखालील उपचारांसाठी रुग्णाचा नागरिकत्वाचा दर्जा पात्रतेची अट नाही. आपल्या चतुर्विध दानांत औषधदान आणि अभयदान ही निराळी मोजली आहेत. येथे मात्र अभय दिल्यावाचून औषध रुग्णाच्या हाती पडतच नाही. परंतु ही तरतूद ऐकून माहीत असणे आणि तिच्यावर विश्वास बसणे यांत अंतर असते, आणि ते बहुधा ओळखीच्या प्रोमोतोरालाच रुग्णासोबत दवाखान्यापर्यंत चालत जाऊन कापावे लागते.

२००३ पासून दरवर्षी १५ ऑक्टोबर हा दिवस लॅटिनो एड्स जागृती दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वस्तीवस्तीत चाचणीची केंद्रे लागतात, आणि एरवी दवाखान्याची पायरी न चढणारी काही कुटुंबे तेथे येऊन रांगेत उभी राहतात.